बीजांडकोशातील गाठ: साधी की कर्करोगाची?

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे आहे. गेली काही वर्षे पाळीच्या वेळी ओटीपोटात फार दुखते. गेल्या महिन्यात दुखणे असह्य झाल्यामुळे सोनोग्राफी केली, तेव्हा डाव्या बीजांडकोशात ६ सेंटिमीटरची गाठ आढळली. अहवालात ‘एकच कप्पा, पातळ भिंत, आत लो लेव्हल एकोज, घन भाग नाही, रक्तप्रवाह नाही’ असे लिहिले आहे. त्याच दिवशी, पाळी सुरू असतानाच, सीए-१२५ ही रक्ततपासणी केली. ती ८६ आली आणि कागदावर ‘३५ पर्यंत सामान्य’ असे छापलेले असल्याने घरातील सर्वांचा धीर सुटला आहे. जाऊबाईंच्या माहितीतील एका डॉक्टरांनी सुईने गाठीतील पाणी काढून तपासावे, असे सुचवले आहे. ही गाठ कर्करोगाची असेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही अहवालातील शब्द जसेच्या तसे उतरवून पाठवले हे फार चांगले केले, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर ८६ या आकड्यापेक्षा त्या शब्दांत अधिक आहे. प्रत्यक्ष तपासल्याखेरीज निदान करणे योग्य नव्हे. तरीही पाळीच्या वेळचे जुने दुखणे आणि असे वर्णन एकत्र आले की आम्हाला पहिला विचार येतो तो ‘चॉकलेट सिस्ट’चा. एंडोमेट्रिऑसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजांडकोशात रुजतात, दर पाळीला तेथे रक्तस्राव होतो आणि ते दाट, तपकिरी रक्त वर्षानुवर्षे साचत राहते. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते दुधी काचेसारखे एकसारखे करडे दिसते. ‘लो लेव्हल एकोज’ म्हणजे तेच. ही गाठ कर्करोगाची नसते. तिच्यात पुढे कर्करोग उद्भवणे क्वचितच घडते.

आता सीए-१२५ विषयी. हे प्रथिन केवळ कर्करोगाच्या पेशींतून येत नाही. पोटाच्या आतील अस्तराला कोणत्याही कारणाने दाह झाला की त्याचे प्रमाण वाढते: एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने, यकृताचा सिरॉसिस, आपल्याकडे आजही आढळणारा पोटाचा क्षयरोग, आणि नुसती पाळीसुद्धा. तुमचे रक्त पाळी चालू असताना घेतले होते, त्यामुळे त्या ८६ वर कोणताही निष्कर्ष उभा करता येणार नाही. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या पहिल्या टप्प्यात जवळपास निम्म्या स्त्रियांमध्ये ही तपासणी सामान्य येते. म्हणून पाळी चालू असलेल्या वयात केवळ या आकड्यावरून घाबरणेही चुकीचे आणि निर्धास्त होणेही चुकीचे.

मग पाहायचे काय? गाठ आतून कशी आहे, हे. एकच कप्पा, गुळगुळीत पातळ भिंत, आत केवळ द्रव आणि डॉप्लरवर रक्तप्रवाहाचा अभाव, ही साध्या गाठीची लक्षणे होत. भिंतीतून आत वाढलेले कोंब, वेडावाकडा घन भाग, त्या घन भागात जोरदार रक्तप्रवाह, जाड व ओबडधोबड पडदे, आणि पोटात साचलेले पाणी ही शंकास्पद लक्षणे होत. निव्वळ आकारावरून मात्र फारसे कळत नाही, आणि गैरसमज नेमका येथेच सर्वाधिक आहे. म्युसिनस सिस्टॅडिनोमा ही साधी गाठ संपूर्ण पोट भरून टाकण्याइतकी वाढू शकते. उलट सर्वाधिक आढळणारा हाय ग्रेड सीरस कर्करोग बीजांडकोश फारसा न वाढताही पोटभर पसरलेला असू शकतो. घन भाग दिसला म्हणजे कर्करोगच, असेही नाही. तरुण मुलींमध्ये वारंवार आढळणाऱ्या डर्मॉइड गाठीत चरबी, केस, क्वचित दातही असतात. तिचा अहवाल वाचून घाबरगुंडी उडते, पण ती बहुधा निरुपद्रवी असते.

सुई घालण्याचा सल्ला कृपया मानू नका, हे मी आग्रहाने सांगते. बीजांडकोशापुरत्या मर्यादित गाठीत सुई घातली आणि ती दुर्दैवाने कर्करोगाची निघाली, तर आतील पेशी पोटात सांडतात आणि एका जागी असलेला, काढून टाकता येण्याजोगा रोग आपणच पसरवून ठेवतो. शिवाय त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत, तरी गाठ साधी असल्याची खात्री होत नाही. म्हणूनच येथे तुकडा काढून तपासण्याऐवजी गरज पडल्यास गाठ न फोडता अखंड काढतात. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायची असल्यास ती पोटातच पिशवीत घालून बाहेर काढावी लागते. शंका असेल तर ‘फ्रोझन सेक्शन’ची सोय असलेले रुग्णालय निवडावे; तेथे रुग्ण भुलेखाली असतानाच पॅथॉलॉजिस्ट गाठ तपासून प्राथमिक मत देतात. अंतिम निर्णय मात्र काही दिवसांनी येणाऱ्या सविस्तर अहवालावरच होतो, कारण ‘बॉर्डरलाइन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, ना धड साध्या ना धड कर्करोगाच्या, अशा गाठी घाईच्या तपासणीत निसटू शकतात.

तुमच्यापुरते सांगायचे तर दोन महिन्यांनी, पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत, अनुभवी तज्ज्ञाकडून योनीमार्गे सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. नुकताच रक्तस्राव होऊन झालेली गाठ तोवर बहुधा विरघळते. चॉकलेट सिस्ट तशीच राहते. तरीही चित्र स्पष्ट नसेल तर एमआरआय उपयोगी पडतो. दरम्यान अचानक एका बाजूला तीव्र कळ येऊन उलट्या सुरू झाल्या तर गाठीला पीळ पडला असण्याची शक्यता असते. अशा वेळी एक तासही न घालवता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. तीन-चार महिने तिचे पोट फुगत होते, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटत होते. ॲसिडिटीची औषधे झाली. आता सोनोग्राफीत दोन्ही बीजांडकोशांत घन भाग असलेल्या गाठी आणि पोटात पाणी आढळले आहे. सीए-१२५ हे ६४० आहे. येथील डॉक्टर याच आठवड्यात शस्त्रक्रिया करून ‘पिशवी आणि गाठी काढून टाकू’ म्हणतात. होकार द्यावा का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तेथे घाईने होकार देऊ नका, पण वेळही दवडू नका. पाळी बंद झाल्यानंतर याच तपासणीचे वजन बदलते. आम्ही एक साधा गुणाकार करतो: सीए-१२५ चा आकडा, पाळी बंद झाली असल्यास ३ (चालू असल्यास १), आणि सोनोग्राफीतील शंकास्पद खुणांसाठी ०, १ किंवा ३. उत्तर २०० च्या वर गेल्यास रुग्णाला कर्करोग शल्यचिकित्सकाकडे पाठवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. तुमच्या आईंचे उत्तर ६४० × ३ × ३, म्हणजे ५,७६० येते. याच सूत्रात वरील पत्रातील भगिनींचे आकडे घातले, तर सोनोग्राफीत एकही शंकास्पद खूण नसल्यामुळे उत्तर शून्य येते.

तरीही हा कर्करोगच, असे आज म्हणता येणार नाही. पोटाच्या क्षयरोगातही पोटात पाणी होते आणि सीए-१२५ शेकड्यांत जाते; त्या रुग्णांना शस्त्रक्रियेची नव्हे, तर औषधांची गरज असते. जठराचा किंवा आतड्याचा कर्करोग बीजांडकोशात उतरूनही दोन्ही बाजूंना गाठी होतात. म्हणून आधी पोटातील पाणी काढून पेशी व क्षयरोगासाठी तपासणे, सीटी स्कॅन, आणि गरजेप्रमाणे पोटातील चरबीच्या पडद्याचा तुकडा सुईने घेणे हा मार्ग योग्य ठरतो. सुईची मनाई बीजांडकोशापुरत्या मर्यादित गाठीला आहे. पाणी सर्वत्र पसरलेले असताना ती लागू होत नाही. निदान कर्करोगाचे झाले, तर पहिली शस्त्रक्रिया किती पूर्णपणे झाली यावर पुढचे बरेच अवलंबून असते, आणि काही वेळा आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया करणे हितावह असते. अर्धवट गाठी काढून नंतर मोठ्या केंद्रात धावणाऱ्या रुग्ण मी पाहिल्या आहेत. त्यांचे नुकसान भरून काढणे अवघड जाते. आईंना याच आठवड्यात कर्करोग केंद्रात दाखवा.

प्रश्न : मला काहीही त्रास नाही. खबरदारी म्हणून दरवर्षी सीए-१२५ करावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा करण्यात आला. अशा नियमित तपासणीने या रोगाने होणारे मृत्यू कमी होत नाहीत, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांच्यापैकी कोणाला बीजांडकोशाचा अथवा तरुण वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर मात्र जनुकीय सल्लागाराला भेटून बीआरसीए (हे कर्करोग घराण्यात आणणाऱ्या जनुकदोषांच्या) तपासणीविषयी विचारा. पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोटात दुखणे किंवा वारंवार लघवीला लागणे हे त्रास नव्याने सुरू होऊन महिन्यातील निम्मे दिवस जाणवू लागले, तर वय कितीही असो, सोनोग्राफी करून घ्या.