अर्धी धून माझी, अर्धी शेजाऱ्याची

प्रश्न : यंदा बालीला गेलो होतो. उबुदला गामलान वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकला. पंचवीसेक वादक, सगळ्यांचा पोशाख एकसारखा. निवेदकाने गटाचं नाव सांगितलं, वादकाचं एकाचंही नाही. फार खटकलं. एवढे तयारीचे कलाकार, त्यांना स्वतःची ओळख नको असते का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : शिष्यवृत्तीवर देनपासारला, बालीच्या राजधानीत, शिकायला गेले तेव्हा मलाही हेच खटकलं होतं. मग गियान्यारकडच्या एका गावात तालमीला बसू लागले. तिथे कुणाला कामधंदा विचारला तर गवंडीकाम, शेती, हॉटेलातली नोकरी अशी उत्तरं येत. पण ‘तुम्ही कोण?’ म्हटलं की, ‘अमक्या बंजारच्या सेकातला.’ बंजार म्हणजे स्वतःची सभा आणि मंडप असलेली वाडी. सेका म्हणजे एखाद्या कामासाठी एकत्र आलेली मंडळी. भातकापणीचीही सेका असते. मंडपातला कुलकुल, म्हणजे ठोकून वाजवायचा पोकळ लाकडी ओंडका, वाजला की तालमीला यायचं. आला नाहीत तर दंड. वरच्या कुळातला असो की साधा शेतकरी, दंड सारखाच. समोरच्याचं कुळ पाहून जिथे बोलण्याची भाषासुद्धा बदलते, त्या बेटावर मला ही फार मोठी गोष्ट वाटली.

तुम्ही पाहिलात तशा कार्यक्रमांचे पैसे बरेचदा सेकाच्या पेटीत जातात. त्यातून पोशाख, वाद्यांची दुरुस्ती. उरलं तर गालुंगान सणाच्या आधी वाटणी. देवळात वाजवायचं ते मात्र सेवा म्हणून. तिला न्गायाह म्हणतात. आमच्यातले हॉटेलवाले त्यासाठी पाळी बदलून घेत.

आता वाजवण्याबद्दल. मी गांग्सा शिकत होते. कांशाच्या पट्ट्यांचं वाद्य, लाकडी हातोडीने वाजवायचं. मला दिलेला भाग खोलीवर घोकघोक घोकला. नुसते तुटक ठोके, धून कुठेच नाही. तालमीत शेजारी दिवसा गवंडीकाम करणारे एक काका बसले. माझा भाग पोलोस, त्यांचा सांगसिह. माझ्या दोन ठोक्यांमधल्या जागेत त्यांचा ठोका पडू लागला आणि ती धून मला पहिल्यांदा ऐकू आली. डोळे भरून आले माझे.

त्यातही अशा पट्ट्यांच्या वाद्याला जोडीदार असतो, एक मुद्दाम किंचित खाली लावलेला, दुसरा किंचित वर. दोन्ही एकत्र वाजले की हवेत थरथर उठते. तिला ओंबाक म्हणतात, म्हणजे लाट. जोडीतला एक घरी राहिला की ती लाट उठतच नाही. आता सांगा, निवेदकाने नाव कुणाचं घ्यायचं?

या ओळखीची किंमतही मोजावी लागते, तेही सांगायला हवं. १९८०च्या दशकापासून बालीत बायकांचेही गामलान गट वाढले. आमच्या गावातली एक मुलगी उत्तम वाजवायची. लग्न दुसऱ्या बंजारमध्ये झालं आणि रिवाजाप्रमाणे ती नवऱ्याच्या बंजारची झाली. तिथल्या गटात तिला जागा मिळाली. पण प्रत्येक गामलानचे सूर त्या संचापुरते लावलेले असतात, शेजारच्या गावाशीही जुळत नाहीत. हात पहिल्या दिवसापासून बरोबर पडत होते, ती मला म्हणाली. कान मात्र कितीतरी महिने माहेरचेच सूर शोधत राहिले.