पायथन सोडून रस्ट की गो? आधी ‘सीपीयू ३० टक्के’ म्हणजे काय ते बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रिपोर्ट तयार करणारी सर्व्हिस पायथनमध्ये आहे, मागे पोस्टग्रेस डेटाबेस आहे आणि लोड वाढला की सगळं रखडतं. टीममधल्या दोघांना ती रस्टमध्ये नव्याने लिहायची आहे, एकाला गो हवंय, आणि अमुक कंपनीने भाषा बदलल्याची बातमी ग्रुपवर रोज येऊन पडते. ऐकायचं कोणाचं?

तूर्तास कोणाचंच नको. तिघं ज्या बातम्यांचे दाखले देतायत त्या मी उघडून वाचल्या. प्रत्येकीत आधी एक विशिष्ट अडचण आहे, मग तिच्यावर केलेले बरेच प्रयोग आणि अगदी शेवटी भाषा. मथळ्यात फक्त तो शेवट आलाय.

टाइपस्क्रिप्टचंच घ्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या, जावास्क्रिप्टवर बेतलेल्या भाषेचं. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोग्या रूपात बदलणारा प्रोग्रॅम) गोमध्ये नेत असल्याचं जाहीर केलं. व्हीएस कोड या एडिटरचा सुमारे १५ लाख ओळींचा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागत होते, ते ७.५ वर आले. तुमचा गोवाला सहकारी हाच आकडा नाचवतोय ना? पण यातला साधारण अर्धाच फायदा जावास्क्रिप्टऐवजी थेट मशीन कोड चालल्याचा आहे. बाकीचा आला काम सीपीयूच्या अनेक कोअरवर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणाऱ्या भागांवर) वाटल्यामुळे. शिवाय हे काम जवळजवळ शंभर टक्के सीपीयूचं आहे. कंपायलर कुठल्या डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत बसत नाही.

रस्ट का घेतलं नाही, यावरून तेव्हा बराच धुरळा उडाला. सी शार्पवाले तर जास्तच दुखावले, कारण निर्णय घेणारे आंदेर्स हेल्सबर्ग हेच सी शार्पचे जनक. त्यांनी दिलेलं कारण मात्र अगदी व्यवहारी होतं. त्यांना नवा कंपायलर बांधायचा नव्हता, जुनाच फाइलमागून फाइल नवीन भाषेत उतरवायचा होता, म्हणजे दोन्हींचं वागणं तंतोतंत सारखं राहील. जुन्या कोडमध्ये क्लासेस कमी, साधी फंक्शन्स जास्त, आणि झाडासारख्या रचनांत मुलाकडून पालकाकडे नि पालकाकडून मुलाकडे असे उलटसुलट संदर्भ भरलेले. गोमध्ये आहे तसा गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) असेल तर ते जसेच्या तसे नेता येतात. रस्टमध्ये मेमरीतल्या कुठल्या तुकड्याची मालकी कोणाची हे ठरवण्यासाठी सगळी रचनाच नव्याने मांडावी लागली असती. थोडक्यात, जुना कोड कसा लिहिलेला होता त्यावरून भाषा ठरली. हा निकष तुमच्या टीममध्ये अजून कोणी काढलेलाच दिसत नाही.

रस्टवाल्या दोघांचा दाखला डिस्कॉर्ड या चॅट ॲपचा आहे, २०२० चा. तो खरोखर वाचण्यासारखा आहे, कारण तिथे भाषा हेच दुखणं होतं आणि तसं क्वचितच असतं. कोणी कुठल्या चॅनेलमध्ये कुठवर वाचलंय याची नोंद ठेवणारी त्यांची सर्व्हिस गोमध्ये होती आणि लाखो नोंदी मेमरीत ठेवत होती. दर दोन मिनिटांनी तिचा प्रतिसाद अडखळायचा, म्हणजे लागणारा वेळ अचानक उसळायचा. कचरा फारसा नसला तरी गो किमान दोन मिनिटांतून एकदा गार्बेज कलेक्टर चालवतंच, आणि त्यासाठी तो अख्खा साठा पुन्हा चाळला जायचा. त्यांनी साठा लहान करून पाहिला. उसळ्या कमी झाल्या, पण हवी ती नोंद साठ्यात सापडेना आणि डेटाबेसकडे जाणं वाढलं. रस्टमध्ये नोंद बाहेर पडली की तिची मेमरी तिथल्या तिथे मोकळी होते, म्हणून प्रश्न मुळातूनच गेला. त्यांचं गोचं व्हर्जन १.९.२ होतं, हेही विसरू नका. गोचा कलेक्टर त्यानंतर बराच सुधारलाय. तुमच्याकडे ठरावीक अंतराने उसळ्या येतात का? तुम्ही तरी तसं लिहिलेलं नाही.

उलट बाजूने गोवाल्याने असंख्य वेबसाइट्सची वाहतूक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचा बाण सोडलाय: १८ नोव्हेंबर २०२५ ला ‘रस्टमुळे अर्धं इंटरनेट बंद पडलं’. झालं असं, की क्लिकहाउस डेटाबेसमधल्या परवानग्या बदलल्या, त्यामुळे एका क्वेरीतून (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून) दुहेरी ओळी यायला लागल्या. बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, ओळखणाऱ्या भागासाठी तयार होणारी फाइल दुप्पट झाली आणि २०० फीचर्सची (बॉट ओळखायच्या खुणांची) ठरवलेली मर्यादा तिने ओलांडली. ती वाचणाऱ्या रस्ट कोडमध्ये ‘अनरॅप’ होतं, म्हणजे चूक आली तर सांभाळत बसू नकोस, थांब. तो थांबला. सी मध्ये हेच निष्काळजीपणे लिहिलं असतं तर कदाचित मर्यादेपलीकडच्या मेमरीत लिहून तो चालत राहिला असता, आणि पुढे काय झालं असतं ते देव जाणे. तरीही ‘यात रस्टचा काडीचाही संबंध नाही’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रॉडक्शनमध्ये अनरॅप इतक्या सहज लिहिता येतं, ही त्या भाषेची एक खरी उणीव आहे. पण आपल्याच सिस्टिमने बनवलेली फाइल न तपासता जगभर पाठवायची, ही चूक कुठल्याही भाषेत करता येते.

तुमच्या टीमला एकच बातमी दाखवायची झाली तर मी अँड्रॉइडची दाखवेन. २०१९ मध्ये त्यांच्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी ७६ टक्के मेमरी हाताळण्याच्या चुकांमुळे होत्या. २०२४ पर्यंत ते प्रमाण २४ टक्क्यांवर आलं. जुना सी आणि सी प्लस प्लस कोड सरसकट पुन्हा न लिहिता. त्यांनी फक्त नवा कोड मेमरी-सुरक्षित (अशा चुका रोखणाऱ्या, रस्टसारख्या) भाषांत लिहायला सुरुवात केली. जुन्या कोडमधल्या अशा चुका काळाबरोबर सापडत, दुरुस्त होत जातात आणि नव्या चुका मुख्यतः नव्या कोडमध्ये जन्मतात, असं त्यांच्या आकडेवारीत दिसलं. चार वर्षं चाललेली सर्व्हिस मोडीत काढायची भाषा करणाऱ्यांनी हे वाचावं. तुमच्या कोडमध्ये आज विचित्र वाटणारी प्रत्येक ‘इफ’ अट बहुधा कुठल्या तरी रात्री आलेल्या तक्रारीचं उत्तर आहे.

‘एआय लिहून देईल, मग रीराइट स्वस्तच’ हा मुद्दाही तुम्ही लिहिलाय. लिहिणं स्वस्त झालंय हे खरं. दोन्ही कोड एकच उत्तर देतात हे सिद्ध करणं स्वस्त झालेलं नाही. टाइपस्क्रिप्टकडे त्यासाठी हजारो टेस्ट तयार होत्या. तुमच्याकडे किती आहेत?

आता मुद्द्याचं. तुम्ही जाता जाता लिहिलंय, की सर्व्हिस रखडते तेव्हाही सीपीयू ३० टक्क्यांच्या आसपासच असतो. सगळ्या प्रश्नात मला कामाचं वाटलेलं वाक्य हेच. त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात. एक, सर्व्हिस काम करतच नाहीये, डेटाबेसची वाट बघतेय. दुसरा, मशीन चार कोअरचं आहे, एक कोअर पूर्ण भरलाय आणि बाकीचे मोकळे बसलेत. नेहमीच्या पायथनमधल्या ग्लोबल इंटरप्रिटर लॉक या कुलपामुळे एका प्रोसेसमधले पायथन थ्रेड (समांतर चालवायची कामं) एका वेळी एकच चालतात, आणि सरासरी काढली की आकडा तेवढाच दिसतो. म्हणून आधी कोअरनिहाय आकडे बघा.

मग चालू प्रोसेसला पाय-स्पाय जोडा, वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन (प्रोफायलर). सर्व्हिस बंद करावी लागत नाही. (हा प्रोफायलर रस्टमध्ये लिहिलेला आहे, दोघांना सांगा, खूश होतील.) एक काळजी घ्या: रेकॉर्ड करताना तो वाट बघत थांबलेले थ्रेड मोजत नाही, त्यामुळे डेटाबेसवर जाणारा वेळ चित्रातच येत नाही. ‘आयडल’ पर्याय मुद्दाम चालू करा. सोबत पोस्टग्रेसचं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (क्वेरींना लागलेल्या वेळेची नोंद ठेवणारं एक्स्टेन्शन) चालू करून एकूण वेळेनुसार वरच्या दहा क्वेरी काढा.

पहिला अर्थ खरा निघाला तर भाषेचा वाद तिथेच संपतो. समजा एका रिक्वेस्टला १००० मिलिसेकंद लागतात आणि त्यातले ८०० डेटाबेसचे आहेत. उरलेला कोड ५० पट वेगवान केलात तरी एकूण ८०४ मिलिसेकंद लागणारच. रिपोर्टच्या सर्व्हिसमध्ये लूपच्या आत एकेका ओळीसाठी वेगळी क्वेरी जाणं हा आजार फार सर्रास दिसतो, तो आधी शोधा. टेबलात लवकर शोधता यावं म्हणून लागणारे इंडेक्स त्यानंतर.

दुसरा अर्थ निघाला तर आधी वर्कर प्रोसेस, म्हणजे सर्व्हिसच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती, वाढवा, हे एका दुपारचं काम आहे. तेवढ्याने भागलं नाही आणि प्रोफाइलमध्ये एखादं फंक्शन सगळा वेळ खाताना दिसलं, तर तेवढंच पायओथ्री (रस्टचा कोड पायथनशी जोडणारी लायब्ररी) वापरून रस्टमध्ये न्या. पायडँटिक या पायथनच्या डेटा तपासणाऱ्या लायब्ररीने २०२३ मध्ये आवृत्ती २ साठी हेच केलं, गाभा रस्टमध्ये आणि बाहेरून पायथनच. जुनं फंक्शन लगेच काढू नका. काही दिवस दोन्हींना तोच इनपुट द्या, उत्तरं जुळतात का बघा आणि वापरा जुन्याचंच. रस्ट येणारे दोघंच असतील तर तिसऱ्याला सुरुवातीपासून रिव्ह्यूला बसवा.

गो मी इथे घेणार नाही. पायथनच्या आत एखादं फंक्शन बसवायला ते अडचणीचं पडतं. पुढे हजारो कनेक्शन सांभाळणारी वेगळी सर्व्हिस लागली तर गोष्ट निराळी.

कोअरनिहाय आकडे आणि त्या वरच्या दहा क्वेरी इथे टाका, टेबलांची नावं बदलून. मग पुढचं बोलू.