२५ हजारांत पाच तारांचा बेस घ्यावा का? खालची तार ढिली वाजते म्हणतात, ते खरं का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं चार तारांचा बेस (म्हणजे बेस गिटार) वाजवताय, गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्राची कामं मिळायला लागली आहेत, हातात २५ हजार आहेत आणि त्यात पाच तारांचा घ्यावा की चार तारांचाच जरा बरा घ्यावा हे ठरत नाहीये. शिवाय दोन शंका: स्वस्त बेसची खालची, म्हणजे सुराने सगळ्यात खालची आणि सगळ्यात जाड, बी तार लुळी वाजते का, आणि हात लहान असताना रुंद नेक (तारांखालची लांब दांडी) झेपेल का.

मी कोल्हापूरचा. आठ वर्षांपूर्वी १७ हजारांना घेतलेला सेकंडहँड पाच तारांचा बेस अजून वाजवतोय, माझी सगळी कामं त्याच्यावरच होतात. पाच तारांचाच घ्या असं मी सांगेन. फक्त सगळे २५ हजार वाद्यावर घालू नका, तीन-चार हजार बाजूला ठेवा. कशासाठी ते खाली येईलच.

मी पाच तारांकडे वळलो ते एका तालमीमुळे. आमचा गायक एक जुनं कोळीगीत पांढरी तीनला (पेटीची तिसरी पांढरी, म्हणजे ई) गायचा. चार तारांच्या बेसला ही सगळ्यात सोयीची पट्टी, कारण सगळ्यात जाडी ई तार मोकळी छेडली की सा. त्या दिवशी त्याचा घसा बसला होता आणि संध्याकाळी कार्यक्रम. तो म्हणाला, "काळी दोनला घ्या." अर्धाच सूर खाली. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबलं, त्याचं काम झालं. मला मात्र खालचा सा उरलाच नाही. चार तारांवर काळी दोनचा सगळ्यात खालचा सा ए तारेवर सहाव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या रेघा आणि त्यांच्यामधलं घर) मिळतो, म्हणजे आधी वाजत होता त्याच्यापेक्षा जवळजवळ सप्तकभर वर. गाणं तेच, ठेका तोच, पण समेवर येताना खाली जी बैठक होती ती गेली. ढोलकीवाल्याने वाजवता वाजवता मान वळवून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी निसटलंय हे त्यालाही कळलं होतं.

पाच तारांच्या बेसला खाली जी जादा तार असते ती बी म्हणजे पांढरी सातला लावतात. तिच्या पहिल्या फ्रेटला पांढरी एक, दुसऱ्याला काळी एक, तिसऱ्याला पांढरी दोन, चौथ्याला काळी दोन. आपल्याकडचे कितीतरी पुरुष गायक ह्याच पट्ट्यांत गातात. गायिका काळी चार किंवा काळी पाचला असली तर सा चार तारांवरही मिळतो, पण काळी चारचा खालचा पंचम म्हणजे पुन्हा काळी दोन, तो नाही मिळत. चार तारांवर वाजवणारा माणूस अशा वेळी काहीतरी वळण घेऊन वेळ मारून नेतो, आणि चांगला वादक ते सुंदर करून दाखवतो. पण ऑर्केस्ट्रात गायक पट्टी स्टेजवर, मध्यंतरात, कधी गाणं सुरू होताना बदलतो. तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

दुसरा फायदा मला वर्षभराने कळला आणि आज तोच जास्त मोलाचा वाटतो. बी तारेच्या पाचव्या फ्रेटवर पांढरी तीन सापडते, त्यामुळे पाच ते आठ ह्या चार फ्रेटमध्ये हात ठेवला की मनगट न हलवता दोन सप्तकांच्या आसपासचा पसारा बोटांखाली येतो. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटपर्यंत ताणत जावं लागत नाही. तिथे फ्रेट सगळ्यात रुंद असतात, म्हणजे लहान हाताच्या माणसाला त्रास होतो तो तिथेच. पाच तारांचा नेक लहान हातांना जड जाईल असं सगळे सांगतात, पण ही बाजू कोणी सांगत नाही.

आता बी तारेबद्दल. तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही. बेसवर तारेची लांबी साधारणपणे ३४ इंच असते, चार तारांवरही आणि बहुतेक स्वस्त पाच तारांवरही. ई तार ४१ हर्ट्झला वाजते, बी ३१ ला. तेवढ्याच लांबीत इतकं खाली जायचं तर तार जाड करावी लागते. नेहमीच्या संचात ई १०५ची असते आणि बी १२५ किंवा १३०ची (हे इंचाचे हजारावे भाग). एवढी जाड करूनही तिच्यावरचा ताण ई तारेपेक्षा कमीच राहतो. म्हणून काही बनवणारे ३५ इंचांचा नेक करतात. तार लांब झाली की त्याच सुराला ताण वाढतो. पण एक इंच नसल्यामुळे बेस निकामी होत नाही. १९८७ साली आलेला म्युझिक मॅनचा पाच तारांचा स्टिंगरे ३४ इंचीच आहे आणि जगभर वाजतोय.

माझी बी तार पहिले दोन महिने खरंच लुळी होती. छेडली की आधी "थड" असा आवाज, मग सूर. पहिल्या फ्रेटला दाबली तर चढी लागायची, बाराव्याला वेगळीच. मी मान्य करून टाकलं होतं की स्वस्तातला आहे, असाच असणार. मग कामानिमित्त मिरजेला गेलो तेव्हा तो सोबत घेऊन सतारमेकर गल्लीत शिरलो. तिथल्या एका वयस्क कारागिरांनी आयुष्यभर सतारी आणि तंबोरे केलेले. बेस गिटार त्यांच्या हातात पहिल्यांदाच येत होती. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, पाचवी तार अंगठ्याने दोनदा छेडली आणि म्हणाले, "ह्याचा खर्ज बसलेला नाही." मग तार नटवर (नेकच्या वरच्या टोकाला तारांच्या खाचा असलेली पट्टी) जिथे टेकते तिथे बोट फिरवलं. मी आदल्या महिन्यात १३०ची तार चढवली होती आणि नटची खाच तिच्यापेक्षा बारीक तारेसाठी कापलेली होती. तार खाचेच्या तोंडाशी अडकून बसली होती, तळाला टेकतच नव्हती. त्यांनी तार बाजूला केली, गोल कानस घेतली, सात-आठ वेळा हलक्या हाताने फिरवली, फुंकर मारली, तार पुन्हा बसवून ऐकली. पुन्हा दोन वेळा कानस. आणि नट ओलांडल्यावर लगेच तार अंगठ्याने खाली दाबली, तसंच ब्रिजच्या (घोडीच्या) टोकालाही, म्हणजे तिथे ती गोलाई घेऊन न जाता कोन करून बसेल. दहा मिनिटं लागली असतील. त्यानंतर तीच तार, तोच बेस, आणि तो "थड" गेला. तंबोऱ्याचा खर्ज ज्या कानाने लावतात त्याच कानाने त्यांनी माझी बी तार लावली, हे मी कधी विसरणार नाही.

ते बाजूला ठेवलेले तीन-चार हजार ह्यासाठी. तारांचा एक चांगला संच आणि एक नीट सेटअप. तार चढवताना खुंटीपासून जास्तीची लांबी ठेवा, कापण्याआधी टोक काटकोनात वाकवा, नाहीतर आतली तार फिरते आणि सूर मरतो. वेढे खुंटीवर खाली खाली उतरत गेले पाहिजेत, तेवढा नटवरचा कोन चांगला मिळतो. बाराव्या फ्रेटवर बी तार साधारण अडीच मिलिमीटर उंच आणि सगळ्यात बारीक 'जी' (G) तार दोन, इथून सुरुवात करा. नेकचा बाक तपासायला पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघा, जाड कागद जाईल एवढीच फट हवी. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवायचा झाला तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नेक सरकतो. जूनमध्ये आणि दिवाळीनंतर एकदा असं वर्षातून दोनदा मी हे बघतोच.

उरलेलं काम हातात आहे. बी तारेवर जोर काढू नका. ती मोठ्या घेराने हलते, जोरात ओढली की फ्रेटवर आपटणारच. हात थोडा ब्रिजकडे सरकवा आणि हलकं छेडा, आवाज अॅम्पवर वाढवा. आणि मोकळी बी तार क्लिपवाल्या ट्यूनरला बऱ्याचदा समजत नाही. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून वरचा सूर काढा, काटा लगेच स्थिर होतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नवा बेस घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी बऱ्याच जणांचा जीव खट्टू होतो. घरातल्या आठ इंची अॅम्पमधून ३१ हर्ट्झ बाहेर पडत नाही. तुम्हाला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे अंश, खालचा सूर कान आपणच भरून घेतो. त्यात बेसचा नॉब पूर्ण वाढवला तर नुसता स्पीकर फडफडतो. तो नॉब मध्यावर ठेवा, मिड थोडा वर. खरी बी तार तुम्हाला ऐकू येईल ती मैदानावर, मोठ्या सबमधून (सबवूफरमधून), डीआय बॉक्समधून (बेसची केबल मिक्सरला जोडून देणारी डबी) थेट मिक्सरला गेल्यावर.

आणि तिथेही जपून. आपल्या संगीतात खाली आधीच गर्दी आहे. डग्ग्याची घुमार, ढोलकीची धुम, ऑक्टोपॅडचा किक, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात, जो तुम्ही येण्याआधी बेस वाजवत होता. त्याच्याशी आधी बोलून घ्या. मी सरळ विनंती करतो, "दादा, मी आहे तोवर डावा हात वर ठेवा." डग्गा जिथे घुमतो तिथे मी लांब सूर धरत नाही, छोटा छेडून हात ठेवतो. बी तार सगळ्या गाण्यांत वाजवायची नसतेच. माझ्या तीन तासांच्या कार्यक्रमात ती एकूण काही मिनिटंच वाजत असेल, पण त्या मिनिटांना समोरच्या माणसाची मान हलते.

घ्यायचा कोणता? नव्यांत आयबानेझ जीएसआर २०५ आणि यामाहा टीआरबीएक्स ३०५ ही नावं ह्या वर्गात नेहमी निघतात, दोन्ही ३४ इंची. नवा बजेटमध्ये बसत नसेल तर सेकंडहँड बघायला घाबरू नका, बरेच जण हौसेने पाच तारांचा घेतात आणि वर्षभरात विकतात. शक्य असेल तर मुंबईत धोबी तलावला जाऊन आधी दोन-चार वेगवेगळे नुसते हातात घेऊन या. सेकंडहँड बघताना मी नेक आधी बघतो, मग ट्रस रॉड फिरतोय का, मग बी तारेचा प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवतो. ऍक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर बॅटरीचा कप्पा उघडा, आत गळालेल्या बॅटरीचा पांढरा चुरा दिसला तर भाव कमी करून मागा. घेतल्यावर वाजवून झालं की केबल काढत चला, जॅकमध्ये राहिली की बॅटरी उतरत राहते. एक जादा ९ व्होल्टची कायम बॅगेत.

आता हात. चार तारांच्या सडपातळ नेकची रुंदी नटपाशी ३८ मिलिमीटर, पाच तारांची साधारण ४५. फरक जाणवतो, पण तो बोटांच्या लांबीपेक्षा अंगठ्याचा प्रश्न आहे. डाव्या हाताचा अंगठा नेकवरून वर डोकावत असेल तर बी तारेपर्यंत बोट पोचणार नाही. अंगठा नेकच्या पाठीमागे, मध्यावर आणा, मनगट सरळ ठेवा. माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी बारावीत आहे, तिचा हात माझ्या हाताच्या पाऊणपट असेल, ती आरामात वाजवते. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर टेकवायची सवय मात्र मोडावी लागेल. तो बी तारेवर टेकवा, आणि वरच्या तारांवर गेलात की अंगठाही एकेक तार पुढे सरकू द्या. वाजवत नसलेली बी तार मोकळी राहिली तर ती दुसऱ्या सुरांवर आपोआप गुणगुणते आणि सगळं गढूळ करते. पहिले दोन-तीन आठवडे तुम्ही ई समजून बी छेडाल, ते सगळ्यांचं होतं, अंगठा तिथे टेकायला लागला की थांबतं.

बघायला जाल तेव्हा खुर्चीवर बसून वाजवून ठरवू नका. तुमचा नेहमीचा पट्टा सोबत न्या, तो लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. चार-साडेचार किलोचं वजन आहे, त्यात पाचवी खुंटी वर. नेक जमिनीकडे झुकत असेल तर डावा हात आयुष्यभर तो उचलण्यातच जाईल. तो जागेवर राहिला तर बी तारेचा चौथा फ्रेट दाबा, काळी दोनचा सा छेडा, आणि शेवटपर्यंत ऐका.