बालपणीचा मित्र इतक्या वर्षांनी भेटला आणि आवडायला लागला. हे प्रेम की नुसत्या आठवणी? त्याला सांगू का?

तुझ्या प्रश्नाखाली आणखी एक ओळ आहे: "लहानपणी त्याला एकदा राखी बांधली होती, म्हणून जास्तच गोंधळ होतोय." ती ओळ नसती तर मी लिहायला बसलेच नसते. प्रेम की आठवणी यावर बाकीचे लिहितीलच, मला राखीवर बोलायचंय. वय बावीस लिहिलंयस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

माझे पप्पा साखर कारखान्यात केमिस्ट. २००४ साली मी तिसरीत असताना आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या कॉलनीत राहायला आलो. कॉलनीत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. हंगामात दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर चिमणीची काजळी, सगळीकडे मळीचा वास, आणि पहाटे चार, दुपारी बारा, रात्री आठ असा पाळी बदलल्याचा भोंगा. माझा आवाज पहिल्यापासून दणदणीत. महिन्याभरात माझंच नाव 'भोंगा' पडलं. पाडणारा होता मागच्या चाळीतला, पॅनमनचा, म्हणजे साखरेचा पाक शिजवणाऱ्या कामगाराचा मुलगा. आमच्या दोन घरांमध्ये एक पेरूचं झाड होतं, आणि दुसरं म्हणजे पप्पा कायम, त्याचे वडील हंगामी. हंगामी म्हणजे काय हे तेव्हा मला एवढंच कळायचं, की पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की त्यांच्या घरी पेढे येणं बंद व्हायचं.

आता ती राखी. रक्षाबंधनाला आमच्या बाई एक खोकं घेऊन आल्या, त्यात स्पंजच्या राख्या. मुलींनी एका रांगेत, मुलांनी समोर, ज्याच्यासमोर जी येईल तिनं त्याला बांधायची. माझ्यासमोर तो आला. मी बांधली. मनात काहीही नव्हतं, कवायत करतात तशी बांधली. जेवणाच्या सुट्टीत बघते तर माझी राखी शाळेच्या नळाला! नळ ठिबकत होता, स्पंज पाणी पिऊन बोराएवढ्याचा लिंबाएवढा झाला होता आणि खाली सिमेंटवर लाल ओघळ. बाईंनी त्याला हातावर दोन पट्ट्या दिल्या. मी हसले, म्हणून मला एक.

सातवीनंतर, २००९ ला, पप्पांनी मराठवाड्यातला कारखाना धरला. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा तो पेरूच्या झाडावर बसला होता आणि खाली उतरला नाही. निरोप म्हणायचा तर तोच.

मग थेट ११ मार्च २०२१. पुण्यात स्पर्धा परीक्षा करणाऱ्या कुणालाही ही तारीख विचार. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा मूळची ५ एप्रिल २०२० ची, करोनात पुढे पुढे जात १४ मार्चवर आली होती, आणि तीन दिवस उरले असताना दुपारी बातमी आली की तीही पुढे गेली. अभ्यासिका रिकाम्या झाल्या आणि सगळी पोरं शास्त्री रोडवर उतरली. त्या दिवशी महाशिवरात्र होती. उपवास, पोटात सकाळची मूठभर साबुदाण्याची खिचडी, तोंडावर मास्क, वर ऊन. मागून कुणीतरी ढकललं आणि पुण्यात दोन वर्षं जपून ठेवलेली माझी शुद्ध भाषा गळून पडली. "सरक की वाईच!" मी ओरडले. चार रांगा पुढून एक मास्क मागं वळला.

"भोंगा?"

सगळ्या रस्त्यावर घोषणा चाललेल्या आणि आम्ही दोघं गटाराच्या झाकणावर उभं राहून, पेरूचं झाड तोडलं का राहिलं, यावर बोलत होतो. (तोडलं. तिथं आता दुचाकींचं शेड आहे.) दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही नवी तारीख जाहीर झाली. परीक्षेला उरले नऊ दिवस आणि त्यातल्या तीन संध्याकाळी आम्ही चहाच्या टपरीवर घालवल्या. त्या परीक्षेत माझं काय झालं ते विचारू नकोस.

तुझ्या खऱ्या प्रश्नाचं जे काही उत्तर माझ्याकडे आहे ते इथंच आहे. आठवणी तीन चहांत संपतात. पहिल्या चहाला बाई, भोंगा, काजळी. दुसऱ्याला कोण कुठं असतं, कुणाचं लग्न झालं. तिसऱ्याला तेच परत, जरा तिखटमीठ लावून. चौथ्या चहाला आम्ही दोघंही गप्प बसलो. मला वाटलं, संपलं. मग तो म्हणाला, "वडिलांचा चौदा महिन्यांचा पगार थकलाय, कारखाना बंद आहे. मेसचा डबा एकच वेळचा लावलाय." हे कॉलनीतलं पोरगं नव्हतं. हा सव्वीस वर्षांचा माणूस मला माहीतच नव्हता, आणि मला तोच आवडला. भोंगा म्हणणारा नव्हे, डबा एकच वेळचा लावलाय हे सरळ सांगणारा. तुमचा चौथा चहा झालाय का? झाला नसेल तर थांब.

आता घरच्यांकडे येते. २०२२ च्या दिवाळीत मी घरी सांगितलं. आई गप्प, पप्पा वर्तमानपत्रात. आमची आत्ती मात्र उभीच राहिली. "अगं, राखी बांधलीयस तू त्याला! फोटो आहे!" फोटो आहे, खरंय. शाळेनं काढलेला, त्यात आम्ही सगळे पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ. आता ही आत्ती स्वतः तिच्या सख्ख्या आत्तीच्या घरात सून म्हणून गेलेली. आतेभाऊ म्हणजे नवरा, हे तिला चालतं. मी ते बोलून दाखवलं तर म्हणते, "म्हणूनच त्यांना कधी राखी बांधली नाही. आमच्यात आतेभावाला बांधतच नाहीत." मला मान्य करावं लागेल, तिच्या बोलण्यात तर्क होता. रक्त चालतं, धागा चालत नाही. पण मग धाग्याचाच हिशेब करू की! त्यानं तो धागा अर्धा दिवससुद्धा ठेवला नाही, नळाला बांधला. राखीनं कुणी भाऊ झालाच असेल तर तो नळ माझा भाऊ. हे मी आत्तीला तोंडावर सांगितलं, तेव्हापासून सहा महिने ती माझ्याशी बोलली नाही.

चुलतभाऊ मानसशास्त्रात एम.ए., तो शास्त्र घेऊन मधे पडला. वेस्टरमार्क म्हणून एक फिनिश अभ्यासक होता. लहानपणी एकत्र वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांची ओढ वाटत नाही, असं त्यानं १८९१ साली मांडलं. इस्रायलच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतींत, मुलं आईबापांपासून वेगळी, बालगृहात एकत्र वाढत. तिथल्या २,७६९ लग्नांचा हिशेब शेफर नावाच्या अभ्यासकानं काढला, तर एकाच गटात वाढलेल्यांची लग्नं फक्त १४. चुलतभाऊ विजयी मुद्रेनं बघत होता. मी रात्री जागून पुढचं वाचलं. त्या १४ पैकी एकही जोडपं वयाची पहिली सहा वर्षं सलग एकत्र वाढलेलं नव्हतं. म्हणजे जे काही घडतं ते त्या पहिल्या सहा वर्षांत. मी कॉलनीत आले तेव्हा आठ वर्षांची होते. विषय संपला. तूही आधी वर्षं मोज. पाळण्यापासून एकत्र असाल तर तुझा गोंधळ वेगळा आहे आणि त्याला माझा अनुभव लागू नाही.

खरं कारण राखी नव्हतंच. पॅनमनचा मुलगा, हे कारण होतं. दुसरंही एक होतं, जे आमच्या घरात कुणीच उच्चारलं नाही. कॉलनीत प्रत्येक क्वार्टरच्या दारावर आडनाव रंगवलेलं असतं, तेवढ्यावरून समज. राखी सोयीची पडते, कारण ती बोलून दाखवता येते.

पुरावा देते. २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा निघाल्या. एका जागेवर हा बसला. ज्या आठवड्यात निवड यादीत त्याचं नाव आलं, त्याच आठवड्यात आत्तीचा फोन. "लहानपणापासून ओळखतात एकमेकांना, असं स्थळ शोधून मिळत नाही बाई." लग्नात पाहुण्यांना तोच शाळेतला फोटो मोबाईलवर दाखवत फिरत होती. राखीवर अंगठा ठेवून.

हां, सगळ्यांचं असं होत नाही हे सांगायला हवं. माझ्या रूममेटला असाच शाळेतला एक भेटला होता, तिसऱ्या चहालाच त्यानं विम्याची पॉलिसी विकायला काढली. आणि तुझ्या मनात तो खरंच भाऊ असेल, दर वर्षी आठवणीनं पोस्टानं राखी पाठवत असशील, तर माझं वरचं सगळं विसर. मी एकदाच, शाळेतल्या रांगेत, स्पंजच्या राखीविषयी बोलतेय. बाकी सांगायचं का म्हणशील, तर सांग. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर नको, समोर बसून सांग, आणि नोकरी लागायची वाट बघत बसू नकोस. आम्ही बघितली नाही. आमच्या घरच्यांनी बघितली.

लिहून झाल्यावर नवऱ्याला वाचायला दिलं. तो म्हणतो, नळाची गोष्ट मी वीस वर्षं चुकीची सांगतेय. हात धुताना राखी भिजू नये म्हणून त्यानं ती काढून नळावर अडकवली होती, जेवल्यावर परत बांधायची होती, आणि पट्ट्या त्याला फुकटच बसल्या. हे एवढं आत्तीच्या कानावर जाऊ देऊ नका.