ब्राइटनेस कमी करा, मग बोलू

प्रश्न : ताई, ऑफिसमधल्या मित्राच्या नादानं ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ हा भीतीचा कॉम्प्युटर गेम घेतला. तासभर खेळलो. वारा, चिठ्ठ्या आणि उघडायची दारं, बास. भूत नाही, बंदूक नाही. काही दिसेना म्हणून ब्राइटनेस वाढवला, तरी तेच. लोक याला घाबरतात तरी कशाला? पुढं खेळू की डिलीट करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ब्राइटनेस वाढवलात, तिथंच माती खाल्लीत. रागावू नका, मीही खाल्ली होती. रविवारची दुपार, पंखा फुल, शेजारी पोह्यांची बशी आणि खिडकीतून भंगारवाल्याची आरोळी. माझंही मत तेव्हा तुमच्यासारखंच झालं. अंधारात बसा, हेडफोन लावा, जिंकायच्या मागे लागू नका, असं गेम सुरुवातीलाच सांगतो. आपण ते औषधाच्या खोक्यातल्या कागदासारखं वाचतो, म्हणजे वाचत नाही.

गेम 2010चा, स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा. गोष्ट 1839मधली, प्रशियातल्या ब्रेनेनबर्ग किल्ल्यातली. आपण ज्याच्या रूपात खेळतो त्या डॅनियलला काही आठवत नाही, कारण विसरायचं औषध त्यानं स्वतःच घेतलंय. बंदूक शेवटपर्यंत मिळणार नाही, वाट बघू नका.

मिळतो तो कंदील. उजेडात डॅनियलचं डोकं ठिकाणावर राहतं, पण किल्ल्यात फिरणाऱ्या राक्षसांपासून लपता येत नाही. अंधारात लपता येतं, पण तो भ्रमायला लागतो, अख्खा स्क्रीन डोलतो. त्यात तेल मोजकं. आजोळी रॉकेल रेशनचं होतं, त्यामुळे जेवणं झाली की आजी वात खाली करायला लावायची. तीच सवय इथं कामाला आली. दालनात शिरायचं, काय कुठं आहे ते एकदा बघून घ्यायचं, कंदील विझवायचा आणि आठवणीवर चालायचं. ब्राइटनेस वाढवलात की हा सगळा हिशोबच बुडाला.

आणि दारं! तुम्ही एका शब्दात उरकलीत. इथं नुसतं बटण दाबून दार उघडत नाही, माउसनं धरून ओढावं किंवा ढकलावं लागतं. किती उघडायचं ते तुमच्या हातात. दुसऱ्या रात्री घरातले झोपल्यावर मी एक दार चार बोटं किलकिलं केलं आणि नुसती उभी राहिले. फटीत काहीही नव्हतं. तरी माउस घामानं ओला.

सगळंच ग्वाड नाही. डॅनियलची डायरी फार नाटकी आहे, आणि त्याच्या धापा ऐकून एखाद्या वेळी ‘अरे बाबा, पाणी पी’ म्हणावंसं वाटतं.

डिलीट मात्र नको. निदान पाणी भरलेल्या तळघरापर्यंत जाच. तिथं जे काही आहे ते दिसत नाही. पाण्यावर नुसती पावलं उठतात, छपाक छपाक, तुमच्या दिशेनं. खोक्यावर चढा. मांसाचा तुकडा सापडला तर लांब फेका, ते तिकडं वळलं की पळा. मी पळाले तेव्हा समोर दार होतं. जीव खाऊन ढकलत होते, आणि ते ओढायचं होतं.