पोटुशी बाई आणि मलेरिया: तुमचे प्रश्न

सून पाचव्या महिन्यात आहे. मुलगा गोव्यात बिल्डिंगच्या कामावर, ती तिकडं राहून आत्ताच खानापूरला आलीय. शेजारच्या बायका म्हणतात सगळी ताकद बाळाला जाते म्हणून मलेरिया लगेच धरतो. खरं काय?

ताकद बाळाला जाते वगैरे काही नाही हो काकू. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला तसं परकंच, त्यामुळं प्रतिकारशक्ती त्याच्याशी जरा सबुरीनं वागते एवढं खरं, पण ती काय झोपी जात नाही. खरी गोम वारेत आहे. फाल्सिपेरम जातीचा जंतू तांबड्या पेशीत शिरला की त्या पेशीला कुठंतरी चिकटवून ठेवायला बघतो, कारण नुसता फिरत राहिला तर पाणथरी त्याला गाळून काढते. आणि वारेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए म्हणून एक पदार्थ असतो, त्याला तो बरोबर धरतो (१९९६ साली फ्रीड आणि डफी या दोघांनी हे दाखवलं). चिकटायला तो जे प्रोटीन वापरतो त्याचं नाव व्हार-टू-सीएसए, आणि ज्या बाईला आधी वारच नव्हती तिच्या शरीरानं ते कधी बघितलेलंच नसतं, मग त्याच्या अँटिबॉडी येणार कुठनं? पुढं आईच्या पांढऱ्या पेशी तिथं गर्दी करतात, वारेला सूज येते, बाळाचं पोषण कमी पडतं आणि वजन कमी भरतं. म्हणजे नुकसानीत आपल्याच प्रतिकाराचाही हात असतो. सुनेला ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, आणि ती गोव्यात राहून आलीय हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

पहिल्या खेपेला मलेरिया झाला होता. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत, मग संरक्षण असेल ना? (निपाणी)

आफ्रिकेत जिथं बारमाही मलेरिया आहे तिथं असं दिसतं, पहिलटकरणीला जास्त त्रास, पुढच्या बाळंतपणांत कमी, कारण व्हार-टू-सीएसएच्या अँटिबॉडी तयार होतात. पण आपल्याकडं मलेरिया इतका सतत नसतो, त्यामुळं पहिली असो नाहीतर चौथी, धोका सगळ्यांनाच, आणि ताप एकदम गंभीर होऊ शकतो. शिवाय मागचा मलेरिया व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीचा असेल तर फाल्सिपेरमसाठी त्याचा भरवसा नाही. जुना रिपोर्ट सापडला तर ताई कार्डाबरोबर (गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड) ठेवा.

टेस्ट निगेटिव्ह आली पण थंडी वाजून ताप येतोच आहे. काय समजायचं?

मलेरिया नाहीच असं समजू नका. जंतू वारेत दडलेले असले तर बोटातल्या रक्तात फार थोडे सापडतात, स्लाइड कोरी येऊ शकते. परत तपासायला सांगा, ताप चढला तेव्हा जमलं नाही म्हणून थांबू नका, कधीही चालतं. सोबत लघवी आणि डेंग्यूचीही तपासणी करून घ्या, आणि हिमोग्लोबिन तर बघाच, मलेरियात ते भराभर उतरतं.

आत्याबाई म्हणतात गोळ्यांनी पोट पडेल, नुसता काढा घे.

आत्याबाईंना नमस्कार, पण पोट पडायची भीती गोळीपेक्षा न उपचारलेल्या मलेरियाची जास्त. व्हायव्हॅक्सला क्लोरोक्विन गरोदरपणात चालतं. फाल्सिपेरमला चौथ्या महिन्यापासून आर्टिमिसिनिनची कॉम्बिनेशन गोळी देतात. पहिल्या तीन महिन्यांत पूर्वी क्विनाइनच देत, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये आर्टिमेथर-लुमेफॅन्ट्रिनलाही होकार दिला. क्विनाइननं साखर उतरते, म्हणून उपाशीपोटी राहायचं नाही. एक गोळी पक्की टाळायची, प्रायमाक्विन, कारण बाळात जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशी जपणारं एन्झाइम कमी असेल तर त्याच्या रक्तपेशी फुटू शकतात आणि पोटातल्या बाळाची ती तपासणी आधी होत नाही. घरात कुणाच्या उरलेल्या मलेरियाच्या गोळ्या असतील तर हात लावू नका, त्यात हीच असायची शक्यता.

मलेरिया झालेल्या आईनं अंगावर पाजावं का?

खुशाल पाजा, दुधातनं मलेरिया जात नाही. फक्त प्रायमाक्विन द्यायची वेळ आली तर अंगावर पाजताय हे सांगा.

गरोदर बाईलाच डास जास्त चावतात असं ऐकलं, थट्टा आहे की खरं?

खरं आहे. गॅम्बियात तपासलं तेव्हा गरोदर बायकांकडं मलेरियाचे डास जवळजवळ दुपटीनं आले. श्वास जास्त बाहेर पडतो, पोटाचा भाग गरम असतो, ही कारणं सांगतात. हा डास रात्रीचा, म्हणून मच्छरदाणी दिवे लागले की सोडा, निजायच्या वेळेची वाट बघू नका.