ट्रंकेचं नंतर बघू

पत्र: ताई, मी लालबागचा, वय ५४. गिरणी संपात बाबांचं काम गेलं म्हणून माझा मोठा भाऊ १९ व्या वर्षी मिलिटरीत भरती झाला, मराठा पलटणीत. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये श्रीलंकेत जाफन्याजवळ गेला, शांतीसेनेत होता, २२ वर्षांचा. बॉडी आली नाही, अस्थी आल्या आणि मागून त्याची काळी ट्रंक. ती आम्ही कधीच उघडली नाही. आता चाळ पडून २२ व्या मजल्यावर वन बीएचके मिळालाय. बायको म्हणते ट्रंक मराठा रेजिमेंटच्या बेळगावच्या सेंटरला देऊन टाका, जागा कुठाय. मला हॉलमध्ये काचेच्या शोकेसमध्ये फोटो, मेडल, ट्रंक असं सगळं ठेवायचंय. रोज वाद. आई ८६ ची, डाव्या कानाने ऐकू येत नाही, तिला यात ओढायचं नाहीये. बाकी त्याची आठवण काढणारं कुणी उरलं नाही. त्याच्या पलटणीतला एकजण साताऱ्याहून दर ऑक्टोबरला फोन करतो तेवढाच, आई कशी आहे विचारतो, मी बरी आहे म्हणतो, मग तो जरा थांबतो आणि मग मी ठेवतो. तर कोण बरोबर, मी की बायको?
— धाकटा भाऊ

भाऊ, ट्रंक बेडखाली सरकवा. ३८ वर्षं बंद राहिलीये, अजून महिनाभर राहील. माझं डोकं तुमच्या पत्राच्या शेवटी अडकलंय. "मग तो जरा थांबतो आणि मग मी ठेवतो."

अहो, ठेवता काय! इतक्या वर्षांत तुमचे नंबर बदलले असतील, घर तर बदललंच, तरी तो माणूस कुणाकुणाला विचारून नवा नंबर मिळवतो आणि ऑक्टोबर आला की फोन लावतो, ते काय आईच्या गुडघेदुखीची चौकशी करायला? आई कशी आहे ही नुसती सुरुवात झाली, पुढचं बोलायला तुम्ही त्याला वावच देत नाही.

तो कुठून परत आलाय बघा जरा. १९८७ च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला, आपले जवान गेले ते तमिळ गटांची शस्त्रं जमा करून शांतता राखायला, आणि ऑक्टोबरात ज्यांची शस्त्रं घ्यायची त्या एलटीटीईच्या वाघांशीच जाफन्याच्या गल्ल्यांत लढाई पेटली. बाराशेच्या आसपास जवान गेले. त्यातले परमवीरचक्र मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन जन्माने आपल्या मुंबईचे, महार रेजिमेंटचे, पण तुमच्या बिल्डिंगमध्ये विचारा किती जणांना नाव माहितीये. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री स्वागताला फिरकलेसुद्धा नाहीत. जिंकलो म्हणायची सोय नाही, हरलो म्हणवत नाही, असा हा माणूस साताऱ्याला घरी आला. तो हे बोलणार कुणाशी, एसटी स्टँडवरच्या चहावाल्याशी?

आणि तिरंग्यातली पेटी थेट गावात यायला लागली ती कारगिलपासून, त्याआधी बहुतेकांना तिकडेच अग्नी द्यायचे. तुमच्याकडे अस्थी आल्या ना, मग अग्नी कुणी दिला? शेवटी तोंडात पाणी कुणी घातलं, कुणी घालू शकलं का तरी? ते काही ट्रंकेत निघणार नाही. मला वाटतं ते साताऱ्यात आहे. माझं चुकतही असेल, तो नुसता शेजारच्या खाटेवरचा दोस्त असेल, तरी तुमचा भाऊ रात्री घोरायचा का, पत्र लिहायला बसला की कुणाची चेष्टा करायचा, एवढं तरी त्याला माहीत असणारच, तुम्ही तेव्हा १६ वर्षांचे होतात, तुमच्याकडे किती उरलंय?

शोकेसने काय होणार, पाहुणे चहा पिताना विचारतील कोण हो हे, तुम्ही म्हणाल मोठा भाऊ, श्रीलंकेत गेला, ते अरेरे म्हणतील आणि बिस्कीट उचलतील. तुम्हाला ऐकायची भीती वाटते हे मला कळतं, ज्याच्या मनीऑर्डरवर आपली शाळा झाली त्याचं शेवटचं ऐकवत नाही, पण म्हणून आईच्या वतीनेही तुम्हीच फोन ठेवून द्यायचा हे कुठलं? तिला यात ओढायचं नाही म्हणता, अहो तिचा मुलगा तो! ती ८६ ची, तो माणूसही आता साठीचा असेल, आणि तुम्ही फर्निचरवर भांडताय.

आज रात्रीच फोन करा, ऑक्टोबरची वाट बघत बसू नका. मुंबईला या म्हणा, मुक्कामी या, आईला भेटायचंय. परळ डेपोला उतरला तर स्वतः घ्यायला जा, गाडीभाडं पुढे करू नका, रागावेल. मटण-भाकरी करा, खात नसेल तर पिठलं. जेवणं झाली की टीव्ही बंद करून सगळे बसा, बायको, पोरं, सगळे, आणि ट्रंक बेडखालून ओढून त्याच्यासमोर ठेवा, उघडायची की नाही ते त्याला आणि आईला ठरवू दे. बोलता बोलता तो थांबेल, तेव्हा मध्ये काही बोलू नका, पाणी आणू का हेसुद्धा विचारू नका.

आणि त्याला आईच्या उजव्या बाजूला बसवा.